आपल्या ताटात आपण वाढायचं नाही

प्रिय बेनकाका,

हे लिहायला बसलोय आणि नखांत अजून चुना आहे. दोनदा साबण लावला तरी निघाला नाही. आज ईस्टरच्या आधीचा शनिवार. दर वर्षी या दिवशी तुम्ही आम्हाला दफनभूमीत न्यायचात आणि ज्यांच्या घरचं कुणी उरलेलं नाही अशा कबरींना चुना लावायला सांगायचात. या वर्षी त्या रांगेच्या टोकाला तुमची कबर होती.

उद्या सकाळी उपासना आहे, प्रभुभोजन आहे, आणि त्यानंतर पुण्याहून तुमच्या सुनीताताई येणार आहेत. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "तुम्ही दोघं मिळून बाबांचं घर चालवणार असाल तर राहा. नाहीतर मी कुलूप लावते." नोएल आणि मी, दोघांनी उत्तर द्यायचं आहे. माझी पत्र्याची पेटी भरून दाराजवळ ठेवलेली आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय मी आजवर साधी चप्पल घेतली नाही, मग हे कुणाला विचारू?

नववी नापास माणसाचं पत्र आहे, तेव्हा आधी कच्चं लिहून मग हे पक्कं करतोय. हसू नका.

आठवतं का तुम्हाला, आपण पहिल्यांदा कुठे भेटलो? आपल्या चर्चच्या, देवळाच्या गेटवर. मी हुपरीत चुलत्यांकडे पैंजणांना घुंगरं जोडायचो. धुरानं डोळे जळायला लागले, म्हणून कोल्हापुरात छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका तपासायला आलो होतो. चार जणांच्या खोलीत एक कॉट माझी. रविवारी कुणाशी बोलावं लागू नये म्हणून उपासना सुरू झाल्यावर यायचं आणि संपायच्या आधी निघायचं, असं माझं चाललं होतं. त्या दिवशी तुम्ही माझ्या सायकलचं हँडल धरलंत.

"पावणं, सायकल तिरकी लावलीया. सरळ लावा. आन् पळून जायाच्या आत जेवून जावा."

मी म्हणालो, माझी खानावळ आहे. तुम्ही म्हणालात, खानावळीत पोट भरतं, बाकीचं काय करतोस? मला तेव्हा राग आला होता. अनोळखी माणसानं असं का बोलावं? तरी मी मागोमाग आलो, कारण हँडल तुम्ही सोडलंच नव्हतं.

त्या दुपारी मी भातात डाव घातला आणि तुम्ही माझ्या मनगटावर चापट मारलीत. मी इतका घाबरलो की उठून उभा राहिलो. आधीपासून तुमच्याकडे राहणारा नोएल खो खो हसत होता. मग तुम्ही सांगितलंत, या घरात एकच नियम. आपल्या ताटात आपण वाढून घ्यायचं नाही. दुसऱ्यानं वाढायचं. दुसरा घरात नसेल तर तो येईपर्यंत थांबायचं.

"आन् कुणीच न्हाय आलं तर?" मी तुमच्याच बोलीत विचारून बघितलं.

"मग दार उघडून बाहेर बघायचं की. गल्लीत मानसं मेली न्हाईत."

पुढच्या महिन्यात मी मधल्या खोलीत राहायला आलो. तिथे आधीच एक कॉट होती, नवी गादी होती, भिंतीला निळा रंग होता. मी विचारलं, ही कुणासाठी केली होती? तुम्ही म्हणालात, येणाऱ्यासाठी. मला वाटलं, माझ्यासाठीच. काका, मी तेव्हाच आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता.

घर म्हणजे काय, हे मला त्या तीन खोल्यांत कळलं. आपण कुणी कुणाचे लागत नव्हतो. तुम्ही निवृत्त एसटी ड्रायव्हर, नोएल जयसिंगपूरचा, फौंड्रीत कामाला, आणि मी असा. महिला मंडळातल्या बायका सुरुवातीला कुजबुजायच्या, तीन पुरुषांचं घर, किती दिवस टिकतंय बघू. नंतर त्याच बायका ईस्टरला डब्यातून करंज्या पाठवायला लागल्या. सकाळची प्रार्थना तिघांची, संध्याकाळचं जेवण तिघांचं, आणि ज्याला कुणाला शहरात कुणी नाही त्याच्यासाठी एक ताट जास्तीचं. त्या ताटात किती जण जेवून गेले! तो नर्सिंग शिकणारा मुलगा, ते कर्नाटकातले सुतार, ज्यांना मराठीत फक्त "बास" म्हणता यायचं आणि तरी तुम्ही वाढतच राहायचात.

मी गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघायचो, तर तुम्ही आतून ओरडायचात, "आशीष, गॅसला बी झोपू दे की जरा." नोएल माझी नक्कल करायचा. बंद बटणावर कान लावून डॉक्टरसारखा चेहरा करायचा. मी चिडायचो आणि आतून बरंही वाटायचं. चेष्टा करण्याइतकं माझ्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. पाळकसाहेब मेजावरचं पांढरं कापड काढायला लागले की तुम्ही बाकावरून हळूच उठायचात आणि गेटवर जायचात. गाड्या बघायला. सगळी मंडळी भाकर आणि प्याला घेत असायची आणि तुम्ही बाहेर मोटरसायकली सरळ करत असायचात. लोक म्हणायचे, बेंजामिनसारखा सेवक नाही. मीही अभिमानानं बघायचो. एकदा फक्त मी म्हणालो होतो, काका, आज मी गेटवर थांबतो, तुम्ही आत जा.

तुम्ही म्हणालात, "डबल बेल न्हाय झाली अजून."

मी हसलो. ड्रायव्हरचा विनोद, म्हणून हसलो. इतकी वर्षं एका ताटाला जेवलो आणि इतकंही विचारलं नाही की काका, बेल कुणी द्यायची आहे? तुम्ही आमच्या पोटातलं सगळं काढून घ्यायचात. माझं हुपरीचं, नोएलच्या मोडलेल्या लग्नाचं. तुमच्या पोटात काय आहे, हे आम्हाला कधी सुचलंच नाही. आम्ही तुम्हाला भात वाढला. बाकी काहीच वाढलं नाही.

सरकारी दवाखान्यातला तो दिवस तर डोळ्यांसमोरून हलत नाही. पाळकसाहेब त्यांची छोटी लाकडी पेटी घेऊन आले होते. आजाऱ्यांना प्रभुभोजन द्यायची. त्यांनी तुमच्या उशाशी रुमाल पसरला, इवलासा प्याला ठेवला. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, आज नको साहेब, तोंडाला चव नाही. मी तिथेच होतो. पाण्याची बाटली भरत होतो. मला वाटलं, औषधांमुळे मळमळत असेल. पाळकसाहेबांनी रुमालाची घडी घातली. तुम्ही त्या पेटीकडे दारापर्यंत बघत राहिलात, हे मी बघितलं आणि तरी बाटलीचं झाकण नीट लागलंय का तेच तपासत बसलो.

चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. नाताळाच्या चांदण्या घराघरांवर लागल्या होत्या.

तुमच्यावर रागही आहे, काका. तुमच्या हृदयाचं दुखणं नोएलला दिवाळीपासून माहीत होतं. तुम्ही त्याला शपथ घातली होती. मला नाही सांगितलंत! एका घरात, एका ताटाला, आणि एकाला माहीत, एकाला नाही? हे मला तुम्ही गेल्यावर वॉर्डातल्या सिस्टरकडून कळलं. ती सहज म्हणाली, तुमच्या भावाला विचारा, तो मागच्या तपासणीलाही आला होता. मी नोएलला तिथेच पायरीवर विचारलं आणि तो एवढंच म्हणाला, काकांनी शपथ घातली होती. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

आणि मग तुमच्या मातीच्या दिवशी शमुवेलकाका आले.

मी त्यांना ओळखत नव्हतो. कोडोलीहून एसटीनं आलेले, पांढरा सदरा, खांद्याला रिकामी पिशवी. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली, लोक पांगले, तरी ते तिथेच. मी विचारलं, तुम्ही काकांचे कोण? ते म्हणाले, कंडक्टर. तुमच्या गाडीवरचे, जवळजवळ सगळ्या नोकरीभराचे.

मग तिथेच उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं. निवृत्त झालो की दोघांनी एका घरात राहायचं, एक चूल ठेवायची, मंडळीतली एकटी पोरं बोलवायची, हा बेत तुम्हा दोघांचा होता. गाडीत, थांब्यावर, चहा पिताना ठरवलेला. नियमसुद्धा दोघांचा. तुम्ही खोली रंगवलीत, कॉट आणलीत. ठरलेल्या दिवशी शमुवेलकाका आले नाहीत. त्यांचा मुलगा म्हणाला होता, बाप परक्याच्या घरी राहायला गेला तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल. ते लाजले आणि निरोपही पाठवला नाही. त्यांना वाटलं, तुम्ही याल, चार शिव्या द्याल, हाताला धरून न्याल. तुम्हाला वाटलं, ते येतील आणि काय झालं ते सांगतील.

भावाशी, मग तो रक्ताचा नसला तरी, बिनसलेलं असताना मेजाजवळ जायचं नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही शिकवतात. तुम्ही जात नव्हतात. आणि ते शमुवेलकाकांना एका जुन्या ड्रायव्हरकडून कळलं होतं.

"बेन्या घेत न्हाई म्हनून कळलं," शमुवेलकाका म्हणाले. "मग म्या बी सोडलं. त्यो उपाशी आसताना आपुन कसं खायाचं?"

काका, तुम्ही तिकडे गेटवर आणि ते कोडोलीच्या देवळात शेवटच्या बाकावर. दोघं एकमेकांसाठी उपाशी! तासाभराचा रस्ता. तुम्ही दोघांनी त्याच्याहून लांबचे रस्ते रोज केलेत. नियम पाळायला इतके पक्के होतात, मग तुम्हीच आम्हाला सांगितलेलं विसरलात कसे? कुणीच नाही आलं तर दार उघडून बाहेर बघायचं, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?

हे मी तुम्हाला ऐकवतोय खरा. आता माझं ऐका.

तुमच्या मागे घराचं काय झालं ते विचारू नका, असं लिहिणार होतो, पण तुम्ही विचारालच. नोएल आणि मी बोलत नव्हतो आणि नियम मोडायचं धाडस दोघांनाही नव्हतं. वाढायला कुणी नाही, म्हणून चूल पेटली नाही. तो फौंड्रीच्या कँटीनला जेवायचा, मी गाड्यावर वडापाव खायचो. जास्तीचं ताट पालथं पडलं. एकदा तो नर्सिंगचा मुलगा आला, दार वाजवलं, आम्ही दोघं आपापल्या खोलीत. मला वाटलं नोएल उघडेल. त्याला वाटलं मी उघडेन. मुलगा परत गेला.

आणि पहिल्या रविवारी मी गेटवर जाऊन उभा राहिलो. देवळाच्या कारभारातले एक एल्डर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, बेंजामिनची जागा चांगली घेतलीस रे. मी मान खाली घालून सायकली सरळ करत राहिलो. आतून गाण्याचा आवाज येत होता. त्यांना काय माहीत, मी नेमकी कोणती जागा घेतली होती ती!

आज सकाळी दफनभूमीत ब्रश घेऊन एकटाच गेलो. ब्रश धुऊन ठेवायचं काम माझं आणि चुना भिजवायचं नोएलचं, हे तुम्हीच वाटून दिलेलं. मी विसरलो नव्हतो. दुकानातून चुन्याची पुडी घेतली होती, वाटलं तिथल्या नळावर कालवून घेईन. फाटकातून आत गेलो तर तुमच्या कबरीशी नोएल बसलेला. शेजारी बादली, रात्रीच भिजवलेला चुना. ब्रश नव्हता त्याच्याकडे.

मी एक ब्रश त्याच्यापुढे धरला. आम्ही रांगेतल्या पहिल्या कबरीपासून सुरुवात केली. तुमची कबर शेवटी आली. तिथे त्याचा हात थांबला.

"काकांनी का न्हाय सांगितलं तुला, म्हाईत हाय?" तो म्हणाला. "म्हनले, आशीषला सांगू नगंस. त्यो जेवान सोडंल. रात्रभर माझं श्वास मोजत बसंल."

मी म्हणालो, बसलो असतो. माझा हक्क होता.

"व्हता की," नोएल म्हणाला. "मला बी कुनाला तरी सांगायचं हुतं. दिवाळीपास्नं एकट्यानं वागवलं म्या."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, काका. तुमचं गुपित त्याला मिळालं, याचाच मला राग. ते त्याला किती जड झालं असेल, हे कधी मनात आलं नाही.

मग त्यानं शमुवेलकाकांचं सांगितलं. दवाखान्यात तुम्ही त्याला सगळं बोलला होतात. तो म्हणाला होता, मी त्यांना घेऊन येतो. तुम्ही म्हणालात, त्यो येईल की, गाडी त्याच्याशिवाय सुटत न्हाय. नोएलनं ऐकलं. "गाडी हुती माझ्याकडं, टाकी भरल्याली," तो म्हणाला. "तासाभराचा रस्ता. न्हाय गेलो म्या." एवढं बोलून तो चुन्याच्या हातानंच डोळे पुसायला लागला. मी त्याचा हात धरला, नाहीतर चुना डोळ्यांत गेला असता.

नळावर हात धुतल्यावर त्यानं पिशवीतून भडंगाचा पुडा काढला. त्याच्या आईनं पाठवलेला. तुम्हाला आवडायचा तोच, लसूण जास्त असलेला. त्यानं कागदाचा तुकडा माझ्या हातावर पसरला आणि त्यावर ओतलं. स्वतःसाठी घेतलं नाही. पुडा खाली ठेवून बसून राहिला. मला जरा वेळानं समजलं. मग मी पुडा उचलला आणि त्याच्या हातावर ओतला. आम्ही तुमच्याशेजारी बसून खाल्लं. सगळं मिटलं, असं लिहिणार नाही. खोटं होईल. मला अजूनही वाटतं, तुम्ही मला सांगायला हवं होतं. पण नोएलवरचा राग तिथे उरला नाही.

फाटकाबाहेर येऊन, मातीच्या दिवशी घेतलेल्या नंबरावर, आम्ही शमुवेलकाकांना फोन लावला.

"कोन पावणं?"

बेनकाकांच्या घरचा आशीष बोलतोय म्हणालो. उद्या उपासनेला या, नंतर आपल्याकडे जेवायला या.

"बेन्या न्हाय आता," ते म्हणाले. "कुनासंगं जाऊ मेजाला?"

मी म्हणालो, "आमच्यासंगं."

नोएल म्हणाला, मी पहाटे गाडी घेऊन येतो. त्यावर ते जरा रागावलेच. मोटरसायकलवर बसायची सवय नाही म्हणाले. पहिली एसटी कधी आहे ते बघतो म्हणाले. येतो, असं म्हणाले नाहीत. बघतो, असं म्हणाले.

मला आता काय वाटतं सांगू? ते आले तरी तुमचा घास तुम्हाला मिळणार नाही. तो रुमाल घडी घालून परत गेला तो गेलाच. पाळकसाहेबांना मी हे सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, बेंजामिन आता अशा मेजावर आहे जिथे कुणी गेटवर थांबत नाही. मी त्यावर विश्वास ठेवतो. तरी पाण्याच्या बाटलीचं झाकण हातात आलं की ते न लावताच मी बाटली खाली ठेवतो.

काका, उत्तर ठरलं. पत्राच्या सुरुवातीला ठरलेलं नव्हतं, लिहिता लिहिता ठरलं. पेटी दाराजवळून हलवतोय, पण मधल्या खोलीत परत नेत नाही. बाहेरच्या खोलीत माझी सतरंजी पुरेशी आहे. मधली खोली ज्यांच्यासाठी रंगवली होती त्यांची आहे, ते एका दुपारपुरते टेकले तरी. नोएल आत्ता गादी उन्हात घालतोय आणि मी गॅसचं बटण बघून आलोय. एकदाच बघितलं. बरं, दोनदा.

वचन देतो ते हे. वाट बघत उभे राहणार नाही. शमुवेलकाका पहिल्या एसटीनं आले तर तिघं मिळून मेजाजवळ जाऊ. नाही आले, तर नोएलच्या गाडीवर आम्ही दोघं कोडोलीला जाऊ, तिथल्या देवळात शेवटच्या बाकावर त्यांच्या दोन बाजूंना बसू, आणि मेजासाठी त्यांना घेऊनच उठू. सुनीताताईंना थोडं थांबावं लागलं तर त्यांना शेजारी चहा सांगून ठेवलाय. उपासनेवरून परतलो की चूल पेटेल. जास्तीचं ताट उलटून सरळ ठेवलंय. शमुवेलकाकांच्या ताटात पहिला भात मी वाढेन, आणि ते बास म्हणाले तरी थांबणार नाही.

उद्या गेटवर कुणी नसेल, काका. सायकली तिरक्या लागतील. लागू देत.

तुमच्या घरातला,
आशीष